चांदीचं अंगुस्तान

बाई, आज पडद्याची कड दुमडून शिवताना तुमचं अंगुस्तान, सुई ढकलायची ती चांदीची टोपी, बोटात होतं आणि एकदम भट्टीतल्या पावाचा वास आला. इथे जवळपास बेकरी नाही.

त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. आष्ट्याहून एसटीने मी सांगलीला येते. तुमच्या बेकरीमागच्या खोलीत शिवणाचा वर्ग, मशीनवर ऊन, आणि तुम्ही पाठमोऱ्या बसलेल्या. "पाठ केली हं तुला, माफ कर," म्हणता. शिकणाऱ्या मुलीची माफी! काजं चांगली झाली की म्हणता, "तुझे हात कधी दुखू नयेत." घरी सांगितलं तर आई हसली. "सरळ ब्येस झालं म्हनाय काय हुतंय तुज्या इरानी बाईला?" आमच्याकडे पाहुण्यानं चहा नको म्हटलं की नकोच, कप परत आत जायचा.

ते अंगुस्तान इराण सोडताना तुमच्या आईनं तुमच्या बोटात घातलेलं. मी म्हटलं, किती सुंदर आहे. तुम्ही लगेच काढलंत. "तुझंच आहे, घे." मी घेतलं. तुम्ही क्षणभर माझ्या हाताकडे पाहिलंत, मग हसलात आणि उघड्या बोटानं पुढचा टाका घातलात.

पुढे एकदा पुण्याहून तुमची मैत्रीण आली. तिनं टेबलावरच्या कापडाचं कौतुक केलं. "तुझंच आहे, घेऊन जा." "छे, तुझ्याच घरी शोभतं." दोन वेळा हेच, दोघी हसताहेत, कापड मात्र जागचं हललं नाही. ती गेल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, खरंच दिलं असतं?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "आमच्यात असंच बोलतात. दोनदा रीत म्हणून. तिसऱ्यांदा म्हटलं की मनातलं."

माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून अंगुस्तान आणलं.

"बाई, हे घ्या."

"नाही, तुझंच आहे."

"तुमच्या आईची आठवण आहे. घ्या ना."

"तुझ्या बोटाला बसलंय आता ते."

तुमचा हात मांडीवर होता, तळवा वर. मी रुमालाला पुन्हा गाठ मारली.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. बाईंनी प्रेमानं दिलं, असं मी सगळ्यांना सांगते. सुनेलाही तेच सांगितलंय. रीत तेव्हा मला माहीत झाली होती, बाई. तिसऱ्यांदा मी मुद्दाम विचारलं नाही. आज तेवढ्यासाठीच लिहायला बसले. घ्या ना, बाई. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणूनच एवढं म्हणवतंय.