बकारामचा दोना

कामठा, ता. १० एप्रिल १९३६

प्रिय बकाराम,

तुझी परीक्षा तोंडावर आहे हे ठाऊक असूनही लिहितो आहे. खोलीत एकटा असशील तेव्हाच पुढं वाच. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई माझ्याशी बोलते. वडील बोलत नाहीत; कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्या पोराशी काय बोलावं, हे त्यांना सुचत नसावं. तुमच्या घरीही सगळे ठीक आहेत. परवापर्यंत मी तिथंच होतो.

आम्ही सहल काढली होती. नंदलाल, तुमच्या शेजारच्या गावचा टिकाराम आणि मी. कल्पना नंदलालची. गोंदियात बापाच्या अडतीवर बसून तो कंटाळला आहे. आपले इंग्रजीचे प्रोफेसर सांगायचे ना, फ्रान्सात द्राक्षांच्या मुलखात लोक गावोगाव दारू चाखत हिंडतात म्हणून? ते याच्या डोक्यात बसलेलं. म्हणाला, आपला मुलूख मोहाचा, चैत्रात फूल पडतं, मग आपण काऊन हिंडू नये? मी लगेच हो म्हटलं.

छकड्यानं गोरेगाव गाठलं, तिथून जंगलाकडची गावं धरली. गोरेगावच्या बाजारातल्या भट्टीची दारू धुरकट, त्यापुढच्या गावची गोडसर. एका भट्टीवाल्यानं निखाऱ्यावर थोडी शिंपडून निळा जाळ दाखवला, तेव्हा नंदलालनं त्याला प्रोफेसराच्या आवाजात शाबासकी दिली. मी नुसता वास घ्यायचो. आजोबांनी गळ्यात माळ घातल्यापासून आमच्या घरात कोणी थेंब घेतला नाही, तुला माहीत आहे. नंदलालला याची फार गंमत. सध्या त्याचा ओठ फाटला आहे. छकड्यावरून पडला असं त्याच्या घरी सांगितलं.

पडला नाही. मी मारलं.

आता सरळच लिहितो. वाटेवर तुमचं गाव आलं नाही, मी आणलं. कॉलेज सोडलं ते होस्टेलच्या सुपरिंटेंडेंटशी भांडलो म्हणून, असं सगळ्यांना सांगतो. भांडण झालं हे खरं. पण दिवाळीत तुझ्याबरोबर तुमच्या घरी आलो, तेव्हापासून पुस्तकातलं अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. निघताना तुझ्या बहिणीला, रुख्माला, मी लग्नाचं आडून विचारलं होतं. ती म्हणाली होती, ‘बाबाले इचार.’ एवढंच. तू रागाव, शिव्या दे, पण पुढं वाच. मी तुझ्या वडिलांना विचारायलाच निघालो होतो. आपली जात एक, धान पिकवणारी दोन्ही घरं. मला वाटलं, नाही म्हणायला त्यांना कारण नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. नागरा गावाहून आलेले पाहुणे. मोहाचा हंगाम, कुणीतरी सोयरे आले असतील असं मला वाटलं. मनात वाक्य जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं. तेवढ्यात तुझ्या वडिलांनी, उदारामकाकांनी, मोहाच्या दारूनं भरलेला पळसाच्या पानाचा दोना माझ्यापुढं धरला.

‘बकाराम नागपुरात अडकून रायला,’ ते म्हणाले. ‘तू त्याचा दोस्त, घरचाच पोरगा. त्याचा दोना तूच घे गा.’

मला वाटलं, एक घोट घेतला तर जीभ मोकळी होईल. आजोबांची माळ आठवली, तरी मी दोना उचलला आणि एका दमात रिकामा केला. अंगणातली सगळी माणसं ‘बरं झालं’ म्हणाली. नागऱ्याच्या म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, आणि त्याच्या खेमराज नावाच्या पोरानं वाकून नमस्कार केला. तरी मला कळेना.

सोयरीक पक्की करताना पहिला दोना पोरीच्या भावाचा असतो, ही रीत तुला लहानपणापासून ठाऊक. आमच्या घरात दोनाच फिरत नाही, मला कोण सांगणार? टिकारामला ठाऊक होतं, पण मी कशासाठी आलो ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंच गावाबाहेर छकड्यापाशी समजावून सांगितलं, की माझ्या घोटानं रुख्माची खेमराजशी सोयरीक पक्की झाली. नंदलाल हसत सुटला. ‘अरे, तू तो खेमराज का साला बन गया.’ पुढचं तुला वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका मोहफुलं वेचायला गेल्या, तिथं मी गेलो. रुख्मानं टोपली खाली ठेवली नाही. वेचता वेचताच बोलली.

‘मी दारातून नको म्हणून मान हालवून रायली होती. तू दोन्यातच पाहून रायला होता.’

मी म्हटलं, आत्ता जातो आणि काकांना सगळं सांगतो. नागऱ्याला जाऊन त्या खेमराजचं—

‘काहीच करू नको,’ ती म्हणाली. ‘दोना दादाचा व्हता. लग्नाच्या आत तो येऊन पालथा करन, त बाबाले मोडता येते. दुसऱ्या कोनाच्या हातानं नाही. त्याले लिव.’

मी विचारलं, आणि तो नाही आला तर?

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. ‘त मांडवात भाऊ म्हणून उभा राह्य. माह्या बापाचा शब्द तुनं पेला हाय. पळू नको.’

मी हो म्हटलं, बकाराम. माझ्यासारख्या माणसानं, ज्यानं आजवर एकही भांडण अर्ध्यावर सोडलं नाही, हो म्हटलं.

लग्न वैशाखात आहे. तुझा शेवटचा पेपर झाला की मिळेल त्या गाडीनं निघ. अंगणात सगळ्यांसमोर दोना मागून घे आणि पालथा कर. तुझे वडील चिडतील, नागऱ्याचे लोक मला नावं ठेवतील, ते मी ऐकून घेईन. पण हे तुझ्या मनाला पटत नसेल, खेमराजच तुला बरा वाटत असेल, तर मला कारण लिहू नकोस. येऊही नकोस. मी ठरल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तुझ्या जागी उभा राहीन. रिवाजाप्रमाणं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा असतो, तोही पिळीन, हळू. एवढं मला जमेल की नाही, हे मलाच माहीत नाही. पण तिला शब्द दिला आहे.

आजवर तुला पत्र लिहिलं की खाली ‘तुझा भाऊ’ असं लिहीत आलो. आज हात तिथं थांबला आहे. म्हणून नुसतं नाव लिहितो. त्याच्या आधी काय लिहायचं, ते तुझ्या येण्यावर आहे.

केशो