पांढऱ्या गाडीचा अ‍ॅव्हरेज

५ नोव्हेंबर २००६, रविवार
सेकंडहँड गाडी घेऊन तीन महिने झाले. अ‍ॅव्हरेज नऊ! विकणारा छातीठोक सोळा सांगत होता. दाजीने, म्हणजे थोरल्या भावाने, सगळ्यांसमोर विचारलं, पेट्रोल गाडी पिते का तू पितोस. डोकं फिरलं. जाहीर करून टाकलं, १९ तारखेला सगळ्यांना वज्रेश्वरीला नेतो, सोळा काढून दाखवतो. न्हाय जमलं तर चावी कायमची जानकीच्या हातात. बायकोने गेल्या महिन्यात लायसन काढलंय. हौस, दुसरं काय.

७ नोव्हें. सकाळी सात
चाकांत हवा भरली. प्लग स्वतः साफ केले. इंजिनाच्या बाबतीत आपला कान तयार आहे. साडेनऊपर्यंत गाडी चालू नाही. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या होत्या. कंपनीने खुणा करायला नकोत?

१० नोव्हें.
शेलार गावच्या कुमार मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारली. त्याने फक्त एवढंच विचारलं, "शेठ, डावा पाय क्लचवरून कधी उचलता?"
अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाय उचलून कसं चालेल! म्हणतो, असाच दाबून ठेवाल तर क्लच जळेल, पेट्रोलही जाईल. गाडीचं सोडून माझ्या पायावर संशय. मेकॅनिक बदलणार.

१४ नोव्हें.
चढावर जळका वास. निदान पक्कं: पेट्रोलमध्ये भेसळ. पंप बदलला. अ‍ॅव्हरेज आठ. नवीन पेट्रोल इंजिनाला मानवायला वेळ लागतो.

१६ नोव्हें.
वजन कमी करायला डिकीतून स्टेपनी काढली. जानकीने विचारलं, पंक्चर झालं तर. प्रत्येक गोष्टीत खोडा. तिने गुपचूप परत ठेवली.

१८ नोव्हें., शनिवार
शेवटची ट्रायल, वळ गावापर्यंत जाऊन आलो. अ‍ॅव्हरेज साडेसात. कंबर धरलीय. उद्यासाठी चावी जानकीला दिली. हरलो म्हणून नव्हे, कंबर आहे.

१९ नोव्हें., रविवार
जाऊन आलो. गाडी जानकीने चालवली. जळका वास नाही, धक्के नाहीत. पंपावर परत टाकी फुल्ल करून हिशोब केला. साडेसोळा. तीनदा केला.

शेवटी पेट्रोल मानवलं म्हणायचं. पंप मीच बदलला होता.

हे मी गाडीत जानकीच्या बाजूच्या सीटवर बसून सांगत होतो, इंजिन बंद होतं. मागच्या सीटवरून लेक क्षितिजा पुढे वाकून म्हणाली, "पप्पा, पाय."

बघितलं. डावा पाय खालच्या मॅटवर गच्च दाबून धरलेला. जानकीने पण बघितलं. लाज वाटली. उचलला.

घरी पोचेपर्यंत परत तिथेच होता.