दोघांनी चालवायची जीप

लातूर, २६ मे १९८३

प्रिय सिंधु,

सप्रेम जय भीम. आधी बातमी सांगतो, मग रागवायचं तेवढं रागव. काल आपली जीप विकली. तू नांदेडला धुरपतामावशीच्या घरी लग्नाच्या गडबडीत आहेस, तेवढ्यात मी इकडे सौदा उरकला. तू इथे असतीस तर चाकापुढे आडवी पडली असतीस. माझ्या अधू पायाचं जीपशिवाय चालत नाही आणि जीपचं तुझ्याशिवाय, म्हणून लातूर सोडायचंच नाही, असं तू मनाशी धरून बसली होतीस. बोलली नाहीस, पण बापाला कळतं.

घेणारा उदगीरकडचा, बसलिंगप्पा नावाचा. जुन्या गाड्यांचं त्याला वेड. त्याने आपल्या गाडीभोवती तीन चकरा मारल्या. लष्कराच्या लिलावातली जीप, तिला इंजिन दुसऱ्याच गाडीचं, छप्पर पत्र्याचं, मागे तेलगिरणीतली टाकी, सीट एसटीच्या भंगारातली. म्हणाला, "मामा, ह्यात जीप कुठं हाय?" मग त्याला तुझा दांडा दिसला. क्लच ड्रायव्हरच्या पायाखाली नाही, शेजारी बसणाऱ्याच्या हातात आहे, हे कळल्यावर तो इतका हसला की बशीतला चहा सांडला. मी म्हटलं, हस बाबा. गिरणीत माझा डावा पाय चेंगरला तेव्हा तो दांडा मी लोहाराकडून करून घेतला आणि आधी तुझ्या आईच्या हातात दिला होता. पण तिला गाडी लागते. औसा यायच्या आत तिने उलटी केली, तीही नेमकी दांड्यावर.

मग बाहत्तरच्या दुष्काळात तू बसलीस, अकरा वर्षांची. खडी फोडणाऱ्या बायकांसाठी टाकी भरून आपण पाणी न्यायचो. मी कोपर लावलं की तू दांडा ओढायचीस, मी गेअर टाकायचो, मग तू हळूच सोडायचीस. महिनाभरात माझ्या कोपराची गरजही उरली नाही. इंजिनाचा आवाज ऐकूनच तुझा हात हलायचा. पुढे ही सवय एसटीतही सुटेना. तिथल्या ड्रायव्हरने गेअर बदलला आणि तू पुढच्या बाईचा पदर ओढलास, आठवतं? त्या बाईने वळून कंडक्टरच्या थोबाडीत दिली. तू मुकाट खिडकीबाहेर बघत बसलीस, लबाड कुठली.

आमची काळजी करू नकोस. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब वाढले, साहेबांच्या जीपा वाढल्या, आणि त्या नेमक्या आपल्या दुकानापाशी येऊन बंद पडतात. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत गावोगाव हिंडायची आता गरज नाही. खुर्चीवर बसून काम होतं, पायही कमी सुजतो. आई म्हणते, "तुमी दिवसा बी घरात दिसायलाव, लई बरं वाटतंय." मलाही बरं वाटतं, पण तिला तसं सांगितलेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. तू गेल्यावर तुझी सीट शिवायला काढली, तर काथ्याखाली पाकीट सापडलं. भोकर तालुक्यातल्या शाळेवर शिक्षिका म्हणून नेमणूक, तेरा जूनला हजर व्हायचं. आणि आम्हाला तू सांगितलंस की यादीत नाव आलंच नाही! आईला वाचून दाखवलं. ती आधी रडली, मग तिने शिरा केला. दुसऱ्याच दिवशी मी बसलिंगप्पाला निरोप धाडला. पोरी, माझंही एक लपवलेलं आहे. क्लच गेअरच्या दांड्यालाच जोडला असता तर मला एकट्याला जीप चालवता आली असती. दोन दिवसांचं काम. दुष्काळ सरला तेव्हाच मला ते सुचलं होतं. दहा वर्षं केलं नाही, कारण तू शेजारी बसलेली मला आवडायचीस. एवढंच. माझ्या या हावरेपणापायी तू नोकरी सोडायला निघालीस, याची मला लाज वाटते. नेमणुकीचा कागद सोबत पाठवला आहे. लग्न आटोपलं की लातूरची एसटी धरू नकोस, नांदेडहून सरळ भोकरला जा.

तुझाच,
अप्पा