ॲटोपॉस म्हणजे बिनजागेचा

१६ जून
कोपराची खाज थांबेना. धाराशिवला दवाखाना. डॉक्टरनं चिठ्ठीवर 'ॲटोपिक' लिहिलं. "घरी जनावरं?" म्हटलं, नव्वद मेंढरं. "त्यांच्यापासून लांब राहा." आई लई हसली. मेंढरांपासून लांब म्हणजे घरापासूनच लांब की.

१८ जून
कॉलेजच्या लायब्ररीत जाड डिक्शनरी काढली. शब्द ग्रीक. ॲटोपॉस. ॲ म्हणजे नाही, टोपॉस म्हणजे जागा. बिनजागेचा. त्यावरून विचित्र, न शोभणारा, पुढं तर वाईट, घातक. ज्याला ठिकाण न्हाय तो आधी विचित्र ठरला, मग वाईट. आजाराला हे नाव शंभरेक वर्षांमागं दिलं, डॉक्टरांनाही तो विचित्रच वाटला म्हणून. डोकं फिरलं वाचून. ग्रीकांकडं मेंढरं नव्हती का?

२१ जून
हॉस्टेलला रहिवासी दाखला पायजे, ३० तारखेच्या आत. न्हाय मिळाला तर एम.ए. संपलं, दिवाळीनंतर मी पण मेंढरांमागं. ग्रामसेवक म्हणे, "वर्षातले आठ महिने तुम्ही गावात नसता. रहिवासी कसं लिहू?" अण्णा मान खाली घालून उभे. आपल्या बापाला असं बघवत न्हाय. म्हटलं, मग आठ महिने कुठं असतो ते लिहा. तसा रकाना न्हाय म्हणे.

२२ जून
रकाना मीच पाडणार. शेतकरी बोलावून रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. बदल्यात ज्वारी. म्हणजे साक्षीदार आहेतच. अण्णांना सगळं पाठ, कुणाच्या रानात किती रात्री. दहा गावं. वहीत उतरवली. बिनजागेचे म्हणे! एक सोडून दहा जागा आहेत.

२५ जून
तीन दिवस एस.टी.नं वणवण, मी नि अण्णा. नऊ मालकांनी वहीतल्या नोंदीपुढं सह्या दिल्या. दहाव्या मालकानं चहा पाजला, खताचं कौतुक केलं, "पण सही नगं, उगं झंझट." अण्णा उठले. "मालक, औंदा तुमच्या रानात मेंढरं बसणार न्हाईत." अण्णांना कुणाला असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

२७ जून
दाखल्याच्या अर्जात 'कायमचा पत्ता' एका ओळीत मावेना. गावं नि सह्यांची पुरवणी जोडली. ग्रामसेवकानं कागद उलटेपालटे केले. "असं चालत न्हाय. वर विचारतो." पोच देईना. मी बाकावर बसून राहिले. अण्णा दाराबाहेर उकिडवे, त्यांनाही मी आत बोलावलं. साडेचारला पोचेचा शिक्का. दाखला न्हाय. उद्या बघू म्हणे.

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "उद्या मी बी येते. मेंढरं घेऊन. पंचायतीपुढं बसवू."