तांबड्या चांदणीचं पिस्तूल

३ फेब्रुवारी
आज पुन्हा फुकट फेरी. जुन्या बाजारातला घड्याळवाला म्हणाला होता, टिकल्यांचं पिस्तूल आलंय, तुमच्याच कारखान्याचं. आलं होतं — पण मुठीवर चांदणी नाही. तरी घेतलं. घेतल्याशिवाय राहवत नाही. हे चव्वेचाळिसावं.

नवरा म्हणे, पोलीस आले तर काय सांगू, बायकोनं टोळी काढली? म्हटलं सांग, आणि पहिली गोळी नवऱ्यालाच.

पाय सुजलेत. दिवसभर लॉन्ड्रीत उभ्यानं चादरींना इस्त्री, वर ही पायपीट.

६ फेब्रुवारी
भाचीचा फोन. ताईला अर्धांगाचा झटका आलाय, दवाखान्यात आहे. डावी बाजू गेली, बोलणं जडावलंय. सारखं माझं नाव घेते म्हणे. मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे नाही — कळलं असेल तिलाही.

सव्वीस वर्षं आम्ही बहिणी बोलत नाही. मी बोलत नाही, असं म्हणा हवं तर.

७ फेब्रुवारी
सुट्टी. लिहूनच काढते, डोक्यात नुसतं घोळतंय.

पिस्तुलांच्या कारखान्यात आम्ही दोघी एका बाकावर. पिस्तुलाच्या दोन फाका, मधे घोडा नि त्याची स्प्रिंग, वरून एक स्क्रू — झालं. सकाळी आल्याआल्या प्रत्येकीनं आपल्या ट्रेमधल्या सगळ्या रिकाम्या फाकांना आतून खूण ओरखडून ठेवायची. माझ्या दोन रेघा, ताईची फुली. कुणाचं काम बिघडलं ते मुकादमाला कळावं म्हणून.

एका आठवड्यात तांबड्या चांदणीचा माल होता. तेवढ्याच आठवड्यात. सगळा परत आला! घोडा ढिला, टिकली फुटेचना. मुकादमानं एकेक उघडलं. आत दोन रेघा. मला त्याच दिवशी काढलं, सगळ्या बायकांसमोर.

मी तिथंच ओरडले, हे काम ताईचं आहे. ती मागं पडली की माझ्या ट्रेमधल्या फाका ओढून घ्यायची — खूण माझी, हात तिचा. तोंडावर चोर म्हटलं. ती खाली मान घालून उभी. चूक नव्हती तर तोंड उघडायचं ना!

मुकादम खूण बघतो, हात कोण बघतो? ताई डावखुरी. तिनं बसवलेल्या स्प्रिंगचं टोक नळीकडे वळतं, माझं मुठीकडे. परत आलेला माल त्यांनी वितळवला, पण दुकानांत चार-दोन पिस्तुलं राहिली असतीलच की. एक मिळू दे, उघडून तिच्या पुढ्यात ठेवते. म्हणून ही सगळी जमवाजमव. लोकांना वाटतं हौस आहे. कसली हौस!

९ फेब्रुवारी
नाही गेले.

११ फेब्रुवारी
पुन्हा भाची. आज फणकारली — "मावशी, तुमचं भांडण तुम्ही सांभाळा. मी फक्त निरोप देतेय. आईला तुझी माफी मागायचीय." बोलायला पोरगी माझ्यावरच गेलीय.

माफी! म्हणजे कबूल झाली ना. मग इतकी वर्षं दातखीळ बसली होती का? तरी मला नुसती माफी नको. वस्तू हातात घेऊन जाणार मी.

नवऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुझं पिस्तूल मिळेपर्यंत ती थांबणार आहे का? भांडी आपटली.

१४ फेब्रुवारी
मिळालं.

घड्याळवाल्यानं लॉन्ड्रीत निरोप पाठवला. कुठल्याशा बंद दुकानाच्या माळ्यावर पडलेलं, खोक्यासकट. चांदणी अजून तांबडीलाल. घरी आणलं, टेबलावर ठेवलं. चहा केला, प्यायले, कपबशी धुतली. मग स्क्रू काढला.

आत दोन रेघा. स्प्रिंगचं टोक मुठीकडे.

चष्मा पुसून परत बघितलं. नवऱ्याला बोलावलं, म्हटलं, कुठं वळलंय सांग. म्हणाला, मुठीकडे. टोक पार आखूड वाकवलेलं — घोडा ओढला की सुटतं. घाईचं काम. तेव्हा मला घाई असायचीच. लवकर उरकून याच माणसाला भेटायला पळायचे, जो आता टेबलाशी वाकून स्प्रिंग बघत होता.

हे एकच माझं, बाकीची तिची असतील — असं सांगून बघितलं मनाला. पटेना.

मग ती माफी कसली मागतेय?

१५ फेब्रुवारी
गेले. ताई पलंगात एवढीशी झालीय. आल्याआल्या सांगून टाकलं — चूक माझी होती, तुझी नव्हती. पिस्तूल उघडून तिच्या उजव्या हातात दिलं, डावा उचलतच नाही. स्प्रिंगवरून बोट फिरवत बसली कितीतरी वेळ. मग जड जिभेनं म्हणाली, "तू एवढ्या खात्रीनं ओरडलीस... मला वाटलं, माझ्याच हातून झालं असणार."