कोंडीरामकाकांची नाल

१५ ऑक्टोबर २००७, सोमवार

बसला! एकदाचा बसला! वाघोलीच्या खाणीत, कोंडीरामकाकांच्या डंपरवर माझा सेन्सर बसला. काम साधं — खडी भरायचा मागचा हौदा खाली टेकला की त्याचं लोखंड सेन्सरला जाणवतं, केबिनमध्ये हिरवा दिवा. हौदा वर ठेवूनच गाडी हलवली की लाल दिवा आणि कान किटवणारा बझर. खाणीच्या फाटकावर विजेच्या तारा आहेत, विसरून चालत नाही.

दहा वेळा हौदा वर-खाली केला. दहाही वेळा बरोबर! खराडीच्या ऑफिसात पोहोचले तेव्हा बूट धुळीनं पांढरे, आणि मी चक्क गात होते.

घरी पप्पांना सांगितलं. वीस वर्षं डंपर चालवलेला माणूस. पाठ धरली म्हणून बारा वर्षांपूर्वी सोडलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आम्ही मागं वळून बघायचो."

कौतुक झालं म्हणायचं!

१८ ऑक्टोबर

सोमवारी चाचणी बघायला आमच्या साहेब, सरोजिनी मॅडम, स्वतः येणार. पास झालो तर खाणीतल्या चाळीसही गाड्यांवर सेन्सर. नापास झालो तर प्रोजेक्ट बंद. भूक मेली आहे. तरी तीन पोळ्या खाल्ल्या.

२२ ऑक्टोबर

फजिती! हौदा आभाळात आणि दिवा हिरवागार! गाडी हलली तरी बझर गप्प. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आम्रपाली, तुमचा सेन्सर फारच आशावादी आहे."

वायरी तपासल्या. प्रोग्रॅम तपासला. शेवटी गाडीखाली शिरले — सेन्सरच्या तोंडावर घोड्याची नाल! तारेनं घट्ट आवळलेली, वर हळदकुंकू, झेंडू. काल दसरा ना!

कोंडीरामकाका म्हणाले, "नवी वस्तू हाय, ताई. दृष्ट लागू नये म्हून बांधली."

नाल लोखंडाची. सेन्सर बिचारा समोर लोखंड बघून 'टेकला, टेकला' सांगत राहिला. रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. दसऱ्याला माझ्या सेन्सरची पूजा झाली! आणखी काय हवं? मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "एक आठवडा. आणि नाल काढायची नाही. ती असतानाच चाललं पाहिजे."

२३ ऑक्टोबर

नालेची गोष्ट ऐकून पप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम गंभीर. "एकाच साक्षीदारावर कशाला विसंबतेस? हौद्याच्या बिजागरीला विचार की. ती फिरल्याशिवाय हौदा वर जातो का?"

बिजागरी! मिठीच मारली त्यांना. तिथं दुसरा सेन्सर, कोन मोजणारा. दोघांनीही 'टेकला' म्हटलं तरच हिरवा, नाहीतर लाल. मला सुचायला हवं होतं, पण जाऊ दे, सुचलं घरातच!

२५ ऑक्टोबर

दुसरा बसवला. पप्पा आपणहून बरोबर आले. कोंडीरामकाका ओरडले, "बाबुराव! किती वर्सांनी!" खूप आग्रह केला, पण पप्पा केबिनमध्ये चढले नाहीत. पाठ, म्हणाले. लांब उभे राहिले. हौदा वर गेला तेव्हा सगळे हौद्याकडे बघत होते. पप्पा तारांकडे.

२९ ऑक्टोबर

पास! पास! पास! नाल जागेवर, आणि दिवा लाल! बझर ऐकून मॅडमनी कानांवर हात ठेवले. यापेक्षा गोड आवाज मी ऐकलेला नाही. चाळीस गाड्या! आईनं शेजारीपाजारी बर्फी वाटली, पप्पांनी दोन तुकडे लपवून ठेवले.

३१ ऑक्टोबर

कोंडीरामकाकांचा फोन. खडी ओतून गाडी हौदा वर ठेवूनच निघाली. बझर वाजला, तारांच्या चार हात अलीकडे थांबली! मी चिडले — "काका, तुम्ही विसरलात?"

"म्या न्हाई, ताई. गाडी तुमचे पप्पा चालवत हुते."

पप्पा घरी आले, बूट पांढरे. विचारायच्या आत स्वतःच बोलले. पाठ कधी दुखतच नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यांचाच हौदा तारांत गेला होता. उडी मारली म्हणून वाचले. त्यानंतर आज पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं.

उद्या पुन्हा जाणार आहेत!