मुंगीची साखर आणि माझी कविता

प्रिय खडू,

एकाच बाकावर बसून तुझ्या कोपराचे ढोसे खाल्लेल्या मित्राचा तुला प्रेमाचा आणि वहिनींना आदराचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. माझ्या मते ती सवय त्याला तुझ्याकडूनच लागली असावी. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. (आता त्यांना तू स्पष्ट दिसत असशील. त्यांना माझी सहानुभूती कळव.) माझं म्हणशील तर सगळं ठणठणीत आहे. दात थोडेच उरलेत, पण एकदिलानं काम करतात, आणि चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता अजूनही एक शब्द न अडखळता म्हणता येते. कोणी ऐकून घेत नाही, हा भाग वेगळा. ही होती तोवर निदान मटार सोलता सोलता ऐकायची.

तुझं पत्र पोचलं. नातवाला डायबेटिस निघाला, येत्या बुधवारी त्याला मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये पहिल्यांदा न्यायचं आहे, तर तिथे काय काय करतात, पोराला फार टोचतात का आणि मोठ्यांना बोलतात का, असं तू विचारलं आहेस. शिवाय ‘बिस्किटं मीच चारायचो, त्यानंच हे’ एवढं लिहून पुढे खोडलं आहेस. अरे, माझा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. खोडलेलं मी आधी वाचतो. तर आधी तेच मिटवतो. हा आजार बिस्किटांनी होत नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशी शरीर आपणहून मोडून टाकतं. का मोडतं ते मोठमोठ्यांनाही नीट सांगता येत नाही, पण त्यात आईचा, बापाचा किंवा आजोबांच्या खिशाचा काही हात नसतो. आमच्या मुंगीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा मुलगा चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. तुलाही सांगतील. तेव्हा चष्मा घालून जा. (नातीला मुंगी हे नाव मी ठेवलं, ती भिंतीला धरून चालायला शिकली तेव्हा. नाव आधीचं, साखरेचं प्रकरण नंतरचं. तरी क्लिनिकमध्ये नाव पुकारलं की कोणीतरी हसतंच, आणि मला उगाच अपराध्यासारखं होतं.)

आता तिथलं ऐक. बसायच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या आहेत. आपण बसलो की गुडघे हनुवटीला लागतात आणि उठायला दोन नातवंडं लागतात. आधी उंची आणि वजन. मग बोटाच्या टोकावर एक टोचणी, रक्ताचा एक थेंब. त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सरासरी कशी होती ते समजतं. एवढंच टोचणं. त्यानंतर सिस्टर दंड, पोट, मांड्या चाचपून बघतात. एकाच जागी सारखं इंजेक्शन घेतलं की तिथे गाठी होतात, म्हणून जागा बदलत राहायची. मग आहारतज्ज्ञ मुलगी. तिच्याकडे एका टोपलीत प्लास्टिकचे पाव, बटाटे, केळी ठेवलेली असतात, आणि कशात किती पिष्ट ते ओळखायचं असतं, कारण त्या हिशेबानं इन्सुलिन घ्यायचं. मुंगी ताटावर एक नजर टाकून अंदाज सांगते. मी लहानपणी कवितेच्या ओळीच्या मात्रा अशाच मोजायचो. मला वाटलं, वारसा पुढे गेला. सफरचंदाला मी जो आकडा सांगितला त्यावर ती मुलगी फार प्रेमळपणे म्हणाली की आजोबा, एवढं अख्ख्या झाडाला लागतं. शेवटी एक बाई मुलाशी एकट्याशी गप्पा मारतात, शाळेत कोणी चिडवतं का, कंटाळा येतो का, असं. आपण तेव्हा बाहेर बसायचं. आत आपल्याविषयी काय बोलणं चाललं असेल याचा विचार करत. दिवस मोडतो, तेव्हा वाचायला काहीतरी ने आणि नातवासाठी रस, बिस्किटं ने. (होय, बिस्किटं. साखर उतरली की लागतात. बघ, तुझ्या खिशाला पुन्हा काम मिळालं.)

राहिलं, बोलतात का. नाही बोलत. तिथे आकड्याला चांगला-वाईटसुद्धा म्हणत नाहीत, वर आहे नाहीतर खाली आहे, एवढंच. मला वाटतं बोलले असते तर बरं झालं असतं. आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे तुला कळेल.

तुला ठाऊक आहेच, ही गेल्यापासून दर शनिवारी दुपारी मुंगी माझ्याकडे असायची. सूनबाई रस्त्यापलीकडेच राहते, तिच्या फोनवर मुंगीची साखर दिसते, मुंगीच्या दंडावर बिल्ल्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं आणि साखर फार उतरली की दप्तरातला तिचा फोन ओरडतो. सगळी व्यवस्था चोख. कच्चा दुवा काय तो मी. तर त्या शनिवारी ती पोहून आली होती, केस ओले, खिडकीशी बसली. मी होडीची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याला बघतो तर पोरगी निश्चल. एरवी ती कवितेत पाय हलवते, चपलेचा पट्टा काढते-घालते, किती राहिली म्हणून विचारते. त्या दिवशी नजर दूर कुठेतरी लागलेली, चेहरा फिकट, ओठ थरथरत होते, कपाळावर घाम. खडू, मी अठ्ठेचाळीस वर्षं लोकांना ही कविता ऐकवतो आहे. लग्नात, सहलीत, छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर दाढ काढायच्या खुर्चीत. असा श्रोता मला कधी मिळाला नव्हता. ती पुटपुटली, “आजोबा…”. ती पुन्हा म्हणा म्हणते आहे असं धरून मी पहिल्यापासून सुरुवात केली.

मग ती म्हणाली, “मला दोन खिडक्या दिसतायत.”

ह्यावर मी काय केलं असेल? मी तिला शाबासकी दिली. एका खिडकीतून जग दिसतं आणि दुसरीतून मन, असं काहीसं मीच तिला समजावलं, आणि ही ओळ हरवायला नको म्हणून पेन शोधायला उठलो. पेन सापडलं, टोपण सापडेना. तेवढ्यात सूनबाई धावत आत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पोरीच्या तोंडाला रस लावला, मांडीवर घेतलं, घोट घोट पाजत राहिली. थोड्या वेळानं मुंगीचा रंग परतला, खिडकी एकच झाली, आणि तिला कवितेतलं काहीएक आठवत नव्हतं.

सूनबाईनं एकच प्रश्न विचारला. “बाबा, अलार्म केव्हापासून ओरडतोय, ऐकू नाही आला?” मी म्हणालो, आला की. कडवं संपलं की बघू म्हटलं.

तिनं दप्तर उचललं, मुलीला उचललं (नऊ वर्षांची घोडी, पण उचललं) आणि गेली. त्यानंतर शनिवार बंद झाले. भांडण नाही, अबोला नाही. डबा वेळेवर यायचा, औषधं घेतलीत का म्हणून विचारणा व्हायची. फक्त शनिवारी दुपारी काही ना काही निघायचं, कधी मैत्रीण, कधी दुकान. मी खिडकीशी बसून समोरचा रस्ता बघायचो. पेनाचं टोपण मात्र सापडलं.

परवा क्लिनिकचा दिवस होता. मुलाला सांभाळणाऱ्या सगळ्यांनी यावं असं सिस्टरांचं म्हणणं, म्हणून मलाही नेलं. सिस्टरांनी मागच्या दिवसांचा आलेख पडद्यावर लावला. सगळीकडे टेकड्या, आणि एका शनिवारी खोल दरी. इथे काय झालं, असं त्यांनी सहज विचारलं. माझा मुलगा जमिनीकडे बघू लागला, सूनबाई पर्सकडे. मुंगी म्हणाली, “आजोबा कविता म्हणत होते.”

सिस्टरांनी तसं लिहून घेतलं. अगदी गंभीरपणे. त्यांच्या नोंदीत आजवर ताप, खेळ, परीक्षा अशी कारणं असतील. कवितेनं साखर उतरल्याची नोंद माझ्या नावावर पहिली असावी. मग त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. पोर थरथरलं, घामेजलं, गप्प झालं, भलतंच बोलू लागलं की आधी साखर तपासायची, आणि शंका असेल तर तपासत न बसता रस द्यायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, तातडीचं औषध वेगळं असतं, ते द्यायचं आणि मदत बोलवायची. मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतर आपलं पहिल्यापासून पक्कं. त्यावर त्या म्हणाल्या की आता शेवटची परीक्षा. मुंगीच्या फोनवर थोड्या वेळानं वाजेल असा तोच अलार्म लावला, फोन दप्तरात घातला, दप्तर कपाटामागे ठेवलं आणि मला होडीची कविता म्हणायला सांगितली. अलार्म वाजला की थांबायचं.

भर दवाखान्यात मी कविता म्हणालो, खडू. आहारतज्ज्ञ मुलगी दारात येऊन उभी राहिली, हातात प्लास्टिकचं केळं. आणि अलार्म वाजताक्षणी मी तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर, अर्ध्या ओळीवर, होडी पाण्यात तशीच सोडून थांबलो. सिस्टरांनी टाळी वाजवली. जिना उतरताना सूनबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, “बाबा, या शनिवारी पाठवते तिला.”

असं आहे सगळं. तेव्हा तू बुधवारी निर्धास्त जा. नातवाला जवळ घे, वहिनींना सांग की रडायचं असेल तर तिथे रडलेलं चालतं, कागदी रुमाल टेबलावरच असतात. पोराला आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. वर लिहिलं आहे ते सूनबाईला सांगितलं तसं लिहिलं. त्या शनिवारी अलार्म मला ऐकू आला नव्हता. मुळीच नाही. सूनबाईचे फोनही आले होते म्हणे, तेही नाही. तिनं विचारलं तेव्हा माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. ऐकू आला नाही म्हणावं तर बहिरा म्हातारा, त्याच्याकडे मूल कोण ठेवणार? म्हणून कवितेवर घातलं. वाटलं, वेडा म्हटलं तरी वेड्याला एखादे वेळी माफ करतात. ऐकूनही उठलो नाही, हे त्याहून किती वाईट ते तिचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. छापखान्यातल्या यंत्रांच्या भिंतीला लागून माझं टेबल होतं, तिथेच कान गेले असणार. समोरच्याचं बोलणं ओठ बघून जमवून घेतो, दुरून वाजणारं काही पोचत नाही. ही असती तर केव्हाच ओरडली असती. घरात बोलायलाच कोणी नाही, मग ऐकू येत नाही हे समजणार कसं?

आणखी ता. क. परीक्षेत मी कॉपी केली. दप्तर मला ऐकू आलं नाही. मुंगी समोर बसली होती. अलार्म वाजला की तिच्या भुवया वर जातात, मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो. त्या गेल्या, मी थांबलो. पण खरं सांगतो, त्या आपोआप नाही गेल्या. तिनं मला नीट बघून घेतलं आणि मग भुवया उडवल्या. तिला माहीत आहे. कदाचित त्या शनिवारपासूनच माहीत आहे. नऊ वर्षांच्या पोरीनं माझे शनिवार वाचवण्यासाठी स्वतःचा जीव माझ्या कानांवर सोपवला आणि आईला काही बोलली नाही. मी रात्री कविता म्हणून बघितली, पण होडी काही पुढे गेली नाही.

शेवटचा ता. क. गुरुवारी सकाळी तू ये. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे (फोनवर घेणं जमलं नाही, समोर जाऊन घेतली). ते बोलतील ते मला कागदावर लिहून दे, आणि अक्षर जरा माणसासारखं काढ. तिथून तसंच सूनबाईकडे जायचं आहे. सांगणार मीच आहे, तू नुसता शेजारी उभा राहा. मग शनिवारी मुलगी पाठवायची की नाही ते तिनं ठरवावं. नाही म्हणाली तर मला समजावत बसू नकोस, चहा घेऊ आणि परत येऊ. येशील तेव्हा बेल वाजवत थांबू नकोस. दार नुसतं लोटून ठेवतो.